पाव्हणं कुणाचं?

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा पकडून तुम्ही पुस्तक उघडलं, तरी त्याचं दुसरं पान भवानीनगरच्या आत उलटत नाही. शेजारचा माणूस आधी पुस्तकाकडं बघतो, मग तुमच्या चपलांकडं, आणि चौकशी सुरू होते. गाव कंचं? आडनाव काय? म्हणजे लासुर्ण्यातले का निमगाव केतकीचे? सणसरला पाव्हणे आहेत म्हणता, मग ते कॅनॉलकडंचे का गावातले? जंक्शनचा स्टँड येईपर्यंत त्याला तुमची सोयरीक सापडलेली असते. नाहीच सापडली तर तो ती लावून देतो आणि वर 'घरी या एकदा' म्हणतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची हजेरीसुद्धा तिथले नावाडी घरच्यासारखी घेतात.

अशा मुलखात 'मी तुम्हाला ओळखत नाही' असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. माणूस कितीही नकोसा असला तरी आधी चहा सांगतात. तो उद्धटपणा फक्त संगणक करतो.

आमचे मामा भवानीनगरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांना ईपीएस ९५ ची पेन्शन आहे. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये, आणि मामांची तिच्या फार पुढं गेलेली नाही. पण आपण हयात आहोत हे वर्षातून एकदा दिल्लीपर्यंत कळवावं लागतं, याचा त्यांना रकमेपेक्षा जास्त अभिमान. त्या दिवशी इस्त्रीची टोपी घालतात आणि सोबतीला मला नेतात, कारण 'भाचा कॉम्प्युटरमधला आहे' असं त्यांनी गावभर सांगून ठेवलंय. मी एका कंपनीत हिशेब लिहितो. ते कॉम्प्युटरवर लिहितो, एवढंच.

सेवा केंद्रात पोहोचलो तर रांग ढिम्म. केंद्र चालवणारा पोरगा अंगठ्याचं मशीन एका हातात आणि त्याची वायर दुसऱ्या हातात धरून बसलेला. इकडं त्या मशीनला 'थम' म्हणतात. 'थम चालू हाय का?' हा प्रश्न दारातूनच विचारायचा, म्हणजे चपला काढायचे कष्ट वाचतात. पोरानं वायर खुपसली. टुं-टुं-टुं असा पडेल आवाज आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात निरोप उमटला: यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड.

"काय म्हणतोय?" मामांनी विचारलं.

"मशीनला ओळखत नाही म्हणतोय."

"काल तर अख्ख्या गावाचे थम घेतले की त्यानं!"

मामांना मी जे समजावलं ते त्यांना लगेच पटलं, कारण त्यांचा जन्म याच रस्त्यावरच्या एसटीत गेलाय. वायर लावली की मशीन आतली एक तार हलवून 'आलोय' म्हणून कळवतं. संगणक त्याला एकदा झटकून सरळ बसवतो आणि चौकशी करतो. कंपनीचा नंबर काय? म्हणजे आडनाव. हे आडनावही फुकट मिळत नाही, कंपन्या त्यासाठी काही हजार डॉलर मोजतात. मग मालाचा नंबर, म्हणजे नाव. उत्तरं नीट आली की त्याला बसायला जागा मिळते. एका कंट्रोलरवर अशा १२७ पाव्हण्यांची सोय असते. उत्तर आलंच नाही किंवा तोंडातल्या तोंडात आलं, की संगणक 'अननोन डिव्हाइस, कोड ४३' असा शेरा मारून मोकळा होतो. चहाबिहा काही नाही.

ही पद्धत बसवणाऱ्यांतले एक अजय भट्ट. शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात, नोकरी अमेरिकेत इंटेलमध्ये. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ सालची. ती पिन पहिल्या झटक्यात सरळ का बसत नाही, याचा खुलासाही त्यांनी देऊन ठेवलाय: दोन्ही बाजूंनी बसणारी केली असती तर तारा वाढल्या असत्या आणि खर्च दुपटीवर गेला असता. गायकवाडांच्या गावात शिकलेल्या माणसानं काटकसर केली, तर आपण नावं ठेवू नयेत.

तोवर रांगेनं उपचार हातात घेतले होते. एकानं पिनेवर फुंकर मारली. दुसऱ्यानं ती धोतराच्या सोग्याला पुसली. तिसऱ्यानं संगणकाला वरून चापट दिली. मी 'रीस्टार्ट मारा' म्हणालो. पोरगा म्हणाला, "सकाळी बंद करून चालू केलाय की." इथं मला माझ्या कीर्तीला जागायची संधी मिळाली. हल्लीचं विंडोज 'शट डाउन' केल्यावर पुरतं बंद होतंच असं नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठता यावं म्हणून अर्धं सामान अंथरुणातच ठेवून झोपतं. खरी आंघोळ रीस्टार्टला. रीस्टार्ट झाला. टुं-टुं-टुं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन पिवळ्या त्रिकोणाचं ते अनोळखी मशीन काढून टाकलं, वायर पुन्हा लावली. टुं-टुं-टुं. भिंतीतला प्लग उपटून काही वेळ सगळेजण गप्प बसलो, कारण संगणक बंद असला तरी बोर्डात थोडी वीज मुरलेली असते. ती गेली. ओळख काही परत आली नाही.

पोराचा चेहरा पडला तेव्हा मी त्याला बिल गेट्सची गोष्ट सांगितली. एप्रिल १९९८, शिकागो. विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक, हजारो लोक समोर. सहकाऱ्यानं यूएसबीला स्कॅनर जोडला आणि अख्खा पडदा निळा पडला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचा जिथं पोपट झाला, तिथं आपण कोण? रांगेतला एकजण म्हणाला, "त्याला पेन्शनीचं टेन्शन नसंल." गोष्ट तिथंच संपली.

मामा एवढा वेळ टेबलाखाली वाकून बघत होते. वायर कुठून कुठं जाते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटांचे भाग तयार होतात, त्यामुळं यंत्राला भ्यायचं नसतं हे इकडच्या म्हाताऱ्यांच्या हाडात आहे.

"बाळा, या डबीला किती जणं लटकलीत?"

ती डबी म्हणजे चार तोंडांचा हब. त्यावर माउस, कुणाचा तरी चार्जिंगला लावलेला मोबाइल, पोराच्या तोंडावर वारा घालणारा बोटभर पंखा आणि चौथ्या तोंडात थम.

"एका लाइनीवर एवढी मशिनी चढवली तर शेवटच्याला वाफ कुठली पोचायची?" मामा म्हणाले. "बोलायला दम तर पायजे त्याला!"

यूएसबी २.० चं तोंड देऊन देऊन ५०० मिलिअँपिअर देतं. त्यातलं बरंचसं मोबाइल आणि पंखा खात होते. थमच्या आत दिवा असतो, तो पेटायलाच काही उरत नव्हतं, तर नाव-आडनाव कुठून सांगणार? आदल्या संध्याकाळी टेबल हलवलं तेव्हा वायर पुरेना म्हणून पोरानं थम हबवर आणला होता. संगणकाच्या पाठीमागच्या तोंडात थेट लावला आणि टुडुंग झालं. रांगेनं मामांकडं असं पाहिलं, की त्यांनी टोपी नीट केली.

आता मामांचा नंबर पहिला, यावर दुमत नव्हतं. त्यांनी अंगठा ठेवला. लाल पट्टी. संगणक मशीनला ओळखायला लागला, पण मशीन मामांना ओळखेना. जन्मभर बॉयलरशी झटून बोटांच्या रेघा गुळगुळीत झालेल्या.

"मामा, कपाळावर घासा अंगठा," पोरगा म्हणाला. कोरड्या कातडीला तेलकटपणा आला की ठसा उठतो, हे प्रत्येक केंद्रवाल्याला ठाऊक आहे. मामांनी घासला. मग डोक्यावरून फिरवला, टोपी काढून. मग दुसरी बोटं. सगळ्यांनाच लाल पट्टी.

शेवटी पोरानं स्वतःचा मोबाइल काढला. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला निघतो. मामांचं तोंड बरोबर गोलात आलं.

"आता डोळे मिचकवा."

मामा खांबासारखे ताठ.

"मिचकवा की मामा. जिवंत माणूस आहे का फोटो, ते बघतंय."

मामांनी हळूच रांगेकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. "आरं, बायामाणसं बसलीत हितं."

बाकावरची नऊवारीतली आजी मोठ्यानं म्हणाली, "मारा की डोळा. आमी न्हाय मनावर घेत."

मामा लाजले, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि उघडले. ॲपला तेवढं पुरलं.