थर्मोस्टॅट उपटून फेकणाऱ्या उस्तादास खुले पत्र

उस्ताद,

माझी जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस घाटकोपरला तुमच्या गॅरेजात आली तेव्हा तक्रार एकच होती. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रांग लागली की इंजिन तापतं. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि हातातला चहा संपायच्या आत निदान करून मोकळे झालात. थर्मोस्टॅट काढून टाकलात, पंखा डायरेक्ट केलात आणि म्हणालात, ‘साहेब, मुंबईत थंडी कुठे पडते? हा वॉल बाहेरच्या देशांसाठी असतो.’

ऑक्टाव्हिया २००१पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात होती. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तरीही त्या कारखान्यात कुणाला थर्मोस्टॅट जड झाला नाही. मराठवाड्याच्या उन्हात त्यांना जे कळलं नाही ते तुम्हाला घाटकोपरच्या सावलीत कळलं, हा दावा तुम्ही कशाच्या जोरावर करता?

इंजिन थंड ठेवायचं नसतं, ठरलेल्या तापमानावर ठेवायचं असतं. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८७ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. त्याआधी पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. तुम्ही तो काढल्यावर रात्री मोकळ्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर काटा खाली घसरू लागला. इंजिन थंड आहे असं समजून इंजिनाचा संगणक (ईसीयू) जास्त पेट्रोल सोडतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. तुम्ही सांगितलेली ‘थंड गाडी’ म्हणजे आतून झिजणारी गाडी.

भार पडला की उलटंच होतं. हा थर्मोस्टॅट दुहेरी आहे. पूर्ण उघडताना तो रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो आणि तापलेल्या पाण्यातलं काही पाणी रेडिएटरचं तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरतं. म्हणजे गरज नसताना गार आणि गरज असताना गरम, असं इंजिन तुम्ही पैसे घेऊन बनवून दिलंत.

गाडी ताकद वाढवण्यासाठी रीमॅप केलेली होती, पुढे मोठा इंटरकूलर होता. हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल जळणार आणि जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात उतरणार. त्यात रेडिएटरला मिळणारी हवा आधी इंटरकूलर आणि एसीच्या कंडेन्सरमधून तापून येते. अशा गाडीत कूलिंगचा एकेक भाग तपासावा लागतो. तुम्ही वॉटर पंप उघडलासुद्धा नाहीत. या इंजिनांच्या पंपाचा प्लास्टिकचा इंपेलर फुटतो, हे या गाड्या हाताळणाऱ्या कोणत्याही कारागिराला माहीत असतं. माझाही तडकला होता आणि शाफ्टवर नुसता घसरत होता. बोरघाटात हेड गॅस्केट उडाल्यावर दुसऱ्या कारागिराने ते दाखवलं. या इंजिनात खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. अति तापल्यावर हेड वाकतं, मग त्याचं फेसिंग करून घ्यावं लागतं.

टाकीतल्या गुलाबी कूलंटमध्ये तुम्ही हिरवा कूलंट ओतलात आणि वर बोअरवेलचं पाणी. रेडिएटरमधून निघालेला तपकिरी गाळ अजून माझ्याकडे बाटलीत आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर तुमच्याच शेजारच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं.

हे सगळं पैशाचं नुकसान, भरून निघेल. ज्या गोष्टीची मला खरी चीड आहे ती वेगळी. गाडी तापलेली असताना तुम्ही तुमच्या पोऱ्याला ओलं फडकं देऊन टाकीचं टोपण उघडायला सांगितलंत. मी ओरडलो म्हणून तो थांबला. टोपण दाब धरून ठेवतं म्हणूनच पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल झालं की दाब उतरतो आणि ते पाणी त्या क्षणी उकळून उसळतं, सरळ तोंडावर. तुमच्यासारख्या उस्तादांच्या हातांवर असे डाग असतात आणि ते तुम्ही अनुभवाचे म्हणून दाखवता. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तोच अनुभव देण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तासभर थांबायला सांगा त्याला. गिऱ्हाईक घाईत असेल तर गिऱ्हाइकाला बसवून ठेवा.

आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या गाडीवाल्यांनो, उस्ताद ‘वॉल काढून टाकला, आता टेन्शन नाही’ म्हणाले, तर गाडी घेऊन निघू नका. काढलेला भाग हातात मागा, पंप उघडून दाखवायला सांगा आणि नवा थर्मोस्टॅट बसवल्याशिवाय पैसे देऊ नका.