पिसवांना प्रवेश नाही

बाजारात शिरायलाच पैसे मोजायचे, हे कोथरूडच्या काकांच्या पचनी पडेना. मंडईत त्यांना आजवर कुणी दारात अडवलं नव्हतं. इथे लॉनच्या फाटकावर माणशी २०० रुपये, मनगटाला कागदी पट्टा आणि वर ‘एन्जॉय, अंकल!’ सुनेने मोबाइलवर काका-काकूंसह सगळ्यांची तिकिटं आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे काकांचा तात्त्विक विरोध चपलांच्या धुळीसह फाटकाबाहेरच राहिला.

फलकावर लिहिलं होतं ‘वीकेंड फ्ली मार्केट’. फ्ली म्हणजे पिसू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या वेशीबाहेर भंगारवाले जुने कपडे, गाद्या, खुर्च्या मांडून बसू लागले. त्या मालाबरोबर पिसवाही घरी येतात, अशी ख्याती झाली आणि बाजाराला तेच नाव चिकटलं. गोव्यात अंजुनाचा बुधवारचा बाजार सुरू झाला तो १९७०च्या दशकात. खिसे रिकामे झालेले हिप्पी तिथे आपलंच किडूकमिडूक विकायला बसत, परतीच्या तिकिटाची सोय व्हावी म्हणून. तिकडे तिकिटासाठी सामान विकत होते. इकडे सामान बघण्यासाठी तिकीट!

आत एकही वस्तू जुनी नव्हती. जुनी दिसेल अशी मात्र प्रत्येक होती.

पहिल्याच गाळ्यावर वारली मग, वारली मोबाइल कव्हर आणि वारली मोजे. काकांनी विचारलं, “कुणी काढलंय हे?” उत्तर आलं, “प्रिंट आहे काका, मायक्रोवेव्हमध्ये चालतं.” वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. या चित्रांतल्या तारपा नाचात तारपा वाजवणाऱ्याकडे नाचणाऱ्याने पाठ करायची नसते, असा दंडक. मगवर तारपावाला नेमका कानामागे दडला होता. नाचणाऱ्यांनी कुणाकडे तोंड करायचं, हा प्रश्न कारखान्याने सोडवला नव्हता.

पुढे कोल्हापुरी. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तशीच चप्पल उतरवली. कोल्हापूरचं नाव घ्यायला मात्र आधी इकडे बोंब व्हावी लागली. गाळ्यावरच्या मुलाने अर्थात उलटा क्रम लावला होता. “काकू, ही प्राडा स्टाइल!” काकूंनी चप्पल उलटी केली. खाली रबर. चालून बघितली. “वाजत नाही रे ही,” त्या म्हणाल्या. मुलाने अभिमानाने सांगितलं, “सायलेंट आहे.” तेल पाजून पाजून मुरलेल्या आणि दोन घरं आधीच मालकाची वर्दी देणाऱ्या कापशी चपलेवर काकूंच्या माहेरच्या तीन पिढ्या चाललेल्या. त्यांनी ‘सायलेंट’ चप्पल मुकाट्याने जागेवर ठेवली.

भूक लागली तेव्हा नातवाने ‘मिलेट टाको’ मागवला. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केल्यापासून ज्वारी-नाचणीचा रुबाब वाढलाय, हे काका पेपरात वाचत आले होते. द्रोणातून आलं ते दुमडलेलं थालीपीठ. सोबत ‘रस्टिक गार्लिक डस्ट’. काकांनी बोटावर घेऊन चाखली आणि जाहीर केलं, “लसणीची चटणी. तिखट कमी.” थालीपीठ बरं होतं, म्हणून त्यांनी आणखी एक मागवलं. त्याचे पैसे देताना ते बरं वाटेनासं झालं.

घासाघीस करायची सोय नव्हती. किमतीचा कागद आणि क्यूआर कोड शेजारी शेजारी. दोघांनाही कान नाहीत. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी रेडिओचे सुटे भाग शोधत काकांनी निम्मी हयात घालवलेली. तिथे विक्रेता पाचशे म्हणाला की गिऱ्हाईक दीडशे म्हणतं, दोघे एकमेकांच्या अकलेची चौकशी करतात आणि अडीचशेवर सौदा पटतो. आजही रविवारच होता. काकांनी घड्याळ पाहिलं. सुनेने काकांना पाहिलं. काकांनी घड्याळ झाकलं.

काकू मात्र शेवटच्या गाळ्यावर थबकल्या. काठीवर गोधडी टांगली होती. चिठ्ठीवर ‘हेरिटेज पॅचवर्क थ्रो’ आणि ४,८०० रुपये. गाळ्यावरची मुलगी गोड आवाजात सांगू लागली, “मॅम, पूर्वी खेड्यात जुन्या साड्यांपासून अशा...” काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आईने शिवलेल्या दोन गोधड्या त्यांनी दहा वर्षांपूर्वी बोहारणीला दिल्या होत्या. बदल्यात स्टीलचं एक पातेलं आलं होतं, तेही झाकणाशिवाय.

मग त्यांनी गोधडीची कड हातात घेतली. “ही मशीनवर मारलीय. हाताचा धावदोरा असा सरळ येत नाही. आणि कोपऱ्यात ठिगळ कुठंय? आई कोपऱ्यापासून सुरू करायची.”

मुलीचे डोळे चमकले. “काकू, तुम्हाला येते? पुढच्या रविवारी इथेच वर्कशॉप घ्याल? आपण माणशी पंधराशे ठेवू!”

काकूंनी मनगटावरचा कागदी पट्टा चाचपला. “घेईन की. पण मला आत यायला तिकीट पडेल का?”

मुलगी म्हणाली, ऑर्गनायझरना विचारून सांगते.