दिवाणखान्यातल्या चकाकीस अनावृत पत्र

प्रति,
श्री. पॉलिश थर,
मुक्काम व्हिनाइल फरशी, दिवाणखाना, खारघर, नवी मुंबई.

विषय : जागा खाली करणेबाबत.

महोदय,

आपण सोफ्यासमोर करडे, बाल्कनीच्या दाराशी पिवळे आणि टीपॉयखाली चिकट झाला आहात, हे कळवताना आम्हाला अत्यंत खेद होतो, असं लिहायची पद्धत आहे.

आपल्याला इथे आणलं ते आधीच्या भाडेकरूंनी. दर सणाला एक हात! नवा हात मारण्यापूर्वी जुना काढायचा असतो, पण पाहुणे दारात असताना एवढं कोण करतं? धुळीवर थर, थरावर धूळ, असे आपले मजल्यावर मजले चढले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर कागदावर नीट आखलं. विनापरवाना मजले चढवायची विद्या नंतरची. ती आपण थेट घरात आणलीत.

मुळात आपलं इथे कामच नव्हतं. व्हिनाइलच्या पट्टीवर लाकडाचा फोटो, त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा पारदर्शक पापुद्रा, आणि बहुतेकदा त्याच्याही वर कारखान्यातच अतिनील किरणांखाली पक्कं केलेलं पॉलियुरेथेन. एवढा बंदोबस्त असताना आपण नेमकी कोणाची राखण करत होता? घोटाळा सवयीचा आहे. जुन्या घरांत मोझॅक असायची. तिला मशीन लावलं की वरचा थर झिजून खडीचे रंग उजळायचे. ती चकाकी घासून काढलेली. आपली नुसती फासलेली. लोकांना दोन्ही सारख्याच पॉलिश वाटतात.

लिंबू, व्हिनेगर असल्या घरगुती विनवण्या आपण मानत नाही, हे ठाऊक आहे. आम्लापुढे आपण ढिम्म. तारेची घासणी आणली तर आपल्याबरोबर घरमालकाचं पॉलियुरेथेनही जाईल आणि डिपॉझिटही. पण आपली नस सापडली आहे. आपण बहुधा ॲक्रिलिक. बाटलीत होता तोवर अमोनिया सोबत होता. तो उडाला आणि जस्ताने आपल्याला आतून घट्ट बांधून घेतलं. अमोनिया परत दिला की गाठी सुटतात. कपाटामागच्या कोपऱ्यात पाण्यात मिसळून थोडा लावून पाहिला. पाचेक मिनिटांत आपण दुधाळ झालात आणि नखापुढे गोळा होऊ लागलात.

सबब, खिडक्या सताड उघडून, हातमोजे घालून, हातभर जागा घेत घेत कारवाई होईल. नायलॉनचा ब्रश, मग फडकं, मग साध्या पाण्याचं फडकं दोनदा. पट्ट्यांच्या सांध्यात पाणी मुरू दिलं जाणार नाही. ब्लीचची बाटली त्या दिवशी बाथरूममध्ये बंद राहील: तिची आणि अमोनियाची गाठ पडली तर विषारी क्लोरामाइन वायू निघतो, आणि जागा आम्हालाच खाली करावी लागेल.

पावसाळ्यात पाडकाम करत नाहीत, ही सबब आपण पुढे कराल. ती फेटाळण्यात येत आहे. उघडीप मिळाली की येतोच.

आपला मुळीच नसलेला,
नवा भाडेकरू

प्रत : सिंकखालील पांढरे फिनेल. बादलीत झाकणभर पुरत असताना अर्धी बाटली ओतली की दुसऱ्या दिवशी तळपायाला जे चिकटतं, त्याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.