एक कमी आहे

माझ्या सगळ्या क्रीडा कारकिर्दीचं मूळ तीन शब्दांत आहे : ‘एक कमी आहे.’

कॉलेजचा पहिला आठवडा. घोटीच्या एसटी स्टँडवर मी भजी खात उभा होतो. शेजारी आमच्या कॉलेजचा कबड्डीचा संघ नाशिकच्या गाडीची वाट पाहत होता. सरांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली आणि माझ्याकडे पाहिलं.

“ए, एक कमी आहे. चल.”

“सर, मला कबड्डी येत नाही.”

“भजी संपव. गाडीत शिकवतो.”

गोंदे येईपर्यंत चढाई झाली, वाडीवऱ्हे मागे पडलं तेव्हा पकड, विल्होळीला बोनस. लोण म्हणजे काय, ते मात्र मैदानावरच कळलं. आमच्यावरच चढला तेव्हा.

मग सरांना माझी सवयच लागली. खो-खोत एक कमी, व्हॉलीबॉलला एक कमी. गोळाफेकीला गेलो, तर गोळा आणि मी यांत जास्त लांब कोण गेलं यावर पंचांत मतभेद झाले. बुद्धिबळालाही नेलं. पंधराव्या मिनिटाला माझा वजीर गेला आणि ‘एक कमी’ म्हणजे काय, ते खऱ्या अर्थानं उमगलं. तीन वर्षांत सात खेळ खेळलो. सहभागाची प्रमाणपत्रं एवढी जमली, की आईनं ती कपाटाच्या खणांत कागदाऐवजी अंथरली. तिच्या मते माझ्या खेळाचा घराला झालेला हा एकमेव उपयोग.

मी मात्र सांगलीच्या नंदू नाटेकरांकडे बघून धीर धरला होता. टेनिसच्या ज्युनिअर राष्ट्रीय अंतिम सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आलं. एका खेळात हरल्यावर त्यांना दुसरा सापडला. मी सात खेळांत हरलो, तेव्हा मला नोकरी सापडली. एकाच खेळात तरबेज असतो तर खेळाडू झालो असतो. सगळ्यांत कच्चा राहिलो, म्हणून सगळ्यांचा प्रशिक्षक झालो.

घोटीत प्रशिक्षक व्हायचं, तर पावसाशी जमवून घ्यावं लागतं. जूनमध्ये मैदानावर चुन्याची रेघ मारावी, तर पांढरं पाणी शेजारच्या भातखाचरात. जुलैत मैदान मोकळं असतं, कारण संघ आवणीला गेलेला असतो. सुरुवातीला मी चिडायचो. एकदा तावातावानं एका मुलीच्या खाचरावर गेलो. तिच्या आजीनं शांतपणे रोपांची जुडी माझ्या हातात दिली. “आला आहेस तर लाव. एक कमीच होता.”

तासाभरात माझी कंबर जागच्या जागी अडकली. संघातल्या पोरी दिवसभर वाकून, चिखलात मागे-मागे सरकत होत्या. तेव्हापासून मी खो-खोच्या मैदानावर ‘खाली वाक’ असं ओरडणं बंद केलं. मला ज्याचा सराव घ्यायचा होता, तो आजीनं आधीच घेतला होता, तोही पहाटेपासून.

शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हापासून आमच्याकडे पालक येऊन विचारतात, “सर, पोरगी पळते. नोकरी लागेल का?” सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण त्यांना तोंडपाठ असतं. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे निघाले. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ धावण्यात घातलेली मुलगी खो-खोत ‘बदली’ करून घ्यायला आले. मी म्हटलं, “अहो, ती दोन्हीकडे आहे. कबड्डीतही आहे.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पोरीचं आता माझ्यासारखं होणार, ही भीती त्यात स्पष्ट दिसली.

परवा संध्याकाळी खो-खोचा सराव चालू होता. आठ जणींनी बसायला हवं, बसल्या होत्या सात. कर्णधार माझ्याकडे आली. ही पोर दोन वर्षांपूर्वी बहिणीचा डबा द्यायला मैदानावर आली होती. मीच तिला उभ्या उभ्या खेळात ओढलं होतं.

“सर, एक कमी आहे. चला.”

“अगं, गुडघे…”

“बसायचंच आहे, सर. उठायचं नंतर बघू.”

मी बसलो. पाठीवर थाप पडली, “खो!” मी उठेपर्यंत पळणारी दुसऱ्या खांबाला वळसा घालून परत आली होती आणि माझ्या उठण्याची वाट बघत, कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. मी हात लांबवला. ती बाद झाली.

तीन वर्षांच्या आणि सात खेळांच्या कारकिर्दीत मी कुणाला बाद केल्याची ही पहिलीच वेळ.