आपली बॅटिंगच नाही आली

वऱ्हाडात चहाच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघाला की पाच मिनिटांत भाऊ बोलू लागतात. अकोल्यात ते टॉवर चौकात भेटतात, अमरावतीत राजकमल चौकात. चेहरे वेगळे, कैफियत एकच. वय पन्नाशीपुढचं, नोकरी सरकारी, पोट बेसरकारी. कॉलेजात असताना ते टीममध्ये होते. हे कुणी खोडून काढू शकत नाही, कारण स्कोअरबुकात नाव आहे. नावापुढे धावा नाहीत, तीन अक्षरं आहेत : डीएनबी. डिड नॉट बॅट.

"मी कधी झिरोवर आऊट झालो का? सांग नं!"

नाही झाले. पहिल्याच बॉलवर ज्याची दांडी उडाली, त्याचा डाव धरतात आणि त्याची सरासरी घसरते. डीएनबीवाल्याचा सामना धरतात, डाव धरत नाहीत. "त्याचं अ‍ॅव्हरेज झिरो, बावा. माहं तं काढताच येत नाही!" गणिताच्या मास्तरांनीही इथे हात टेकावेत.

बाराव्या गड्याला भाऊ जवळ उभं करत नाहीत. तो पाणी नेणारा. डीएनबी म्हणजे अकरातला माणूस, मे महिन्याच्या उन्हात निंबाखाली पॅड बांधून बसलेला. वरच्यांनीच सामना जिंकून टाकला, यात त्याचा काय दोष? फार ताणलं तर भाऊ थेट सचिनला साक्षीला काढतात. एकदिवसीय सामने 463, डाव 452. "अकरा मॅचमंदी त्याचीही बॅटिंग नाही आली. तो काही बोलला का?" सचिनच्या उरलेल्या 452 डावांबद्दल भाऊही काही बोलत नाहीत.

1 जानेवारी 2018 ला विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. लोकांच्या तोंडी 547 धावांचा पहिला डाव आणि रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. भाऊंचा जीव दुसऱ्या डावात अडकलेला. हव्या होत्या 29 धावा आणि विकेट पडली एक. "म्हंजे तिघं खेळले. डीएनबी किती? आठ! ते रणजी चँपियन नाहीत का मंग?" पुढे मे 2025 मध्ये अमरावतीच्या जितेश शर्मानं लखनौला 33 चेंडूंत नाबाद 85 ठोकल्या. राजकमल चौकात पोट्टे नाचत होते आणि भाऊ मोबाईलवर धावफलक खाली खाली सरकवत होते. जितेशच्या पाठचे कुणीच मैदानात आले नव्हते. त्यांच्यासाठी भाऊंनी एक कट चहा जास्तीचा घेतला.

एवढ्यावर थांबतील ते भाऊ कसले. पंगतीत त्यांच्या पानापर्यंत येईस्तोवर जिलेबी संपली, डीएनबी. पक्षात वीस वर्षं सतरंज्या उचलूनही तिकीट न मिळालेला कार्यकर्ता, डीएनबी. प्रमोशनच्या यादीत नाव असून रिटायर झालेला साहेब, तोही. कपाशीचा भाव वाढायच्या आदल्या आठवड्यात ज्यानं कापूस विकला, त्याला मात्र ते या यादीत घेत नाहीत. "त्याची बॅटिंग आली होती नं! थो रन आऊट हाये." नियम म्हणजे नियम.

खरी गंमत दवाखान्यांच्या रस्त्यावर. डॉक्टरांच्या पाट्यांवर एमबीबीएसपुढे हीच तीन अक्षरं दिसतात. ती नॅशनल बोर्डाची पदवी आहे, एमडी-एमएसच्या तोडीची, हे घरच्यांनी सांगून झालंय. भाऊंना पटत नाही असं नाही, सोयीचं वाटत नाही. प्रत्येक पाटीपाशी ते स्कूटर हळू करतात आणि हळहळतात, "एवढा शिकला बिचारा, पन बॅटिंग नाही आली."

आता घरातच मुलीला स्थळ आलं. पोरगा अकोल्याचा, डॉक्टर. बायोडाटा वाचता वाचता भाऊंचा चष्मा एका जागी थांबला. वहिनींनी खालून पाय दाबला, तरी भाऊंनी विचारलंच,

"डीएनबी का? कितव्या नंबरवर होते तुमी?"

पोरगा सरळ. त्याला वाटलं, प्रवेश परीक्षेचं विचारताहेत. "सहा हजार चारशे बारा."

भाऊ सोफ्यावर मागे रेलले. "मंग कशी येईन बॅटिंग?" ते म्हणाले आणि वहिनींना आवाज दिला, "पोहे आना वं, जावईबापूले."