परराष्ट्र धोरणाचा गृहपाठ

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१३ साली ‘डिप्लोमसी लॅब’ सुरू केली. खात्याला पडलेले प्रश्न विद्यापीठांकडे धाडायचे आणि पोरांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एका सत्रात उत्तरं शोधायची. मोबदला? श्रेयांक! पगारी मुत्सद्द्यांना ज्या गाठी वर्षानुवर्षं सुटल्या नाहीत, त्या आता शुक्रवारी रात्री बाराच्या आत सुटायला हव्यात. उशीर झाला की गुण कापलेच म्हणून समजा. जगातली भांडणं एवढी का रेंगाळतात, हे आत्ता कळलं: तिथं ‘सबमिशन’ची तारीखच नसते.

एक फरक मात्र उरतोच. विद्यार्थ्याने दुसऱ्याचं उतरवलं तर ती कॉपी; मुत्सद्द्याने विद्यार्थ्याचं उतरवलं तर ते धोरण!