तात्या निघाले

आमच्या तात्यांनी आजवर चार वेळा ॲप सोडलं, पण फोनमधून एकही काढलं नाही. यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नाही. "वारीला निघालेला माणूस घर सोडतो, विकतो का?" असा त्यांचा सवाल असतो.

जिंतूर रोडला तात्यांचं बियाणं-खतं-औषधांचं दुकान आहे. तुमच्या गल्लीतले तात्या विमा एजंट असतील किंवा निवृत्त तलाठी असतील, पण असतीलच. खूण सोपी आहे. कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं नियम बदलला की हा माणूस इकडं परभणीत दुखावतो. मान न मिळालेला व्याही "आम्ही निघालो" म्हणून तीनदा ओरडतो आणि मांडवाच्या दारातच खुर्ची टाकून बसतो, तसं. जायचं नसतंच. कुणीतरी हाताला धरून "असं काय करायलेत व्याही" म्हणावं, एवढंच.

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपनं नवं गोपनीयता धोरण पुढं केलं आणि 8 फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणून सांगितलं. खासगी निरोप कुलूपबंदच राहणार होते. प्रश्न होता तो दुकानं-कंपन्यांशी होणाऱ्या बोलण्याचा आणि फेसबुकला जाणाऱ्या इतर माहितीचा. तात्यांनी एवढ्या खोलात न शिरता निकाल दिला, "आपलं सगळं उघड्यावर पडणार." याच तात्यांनी दिवाळीत पोरीचा बायोडाटा जन्मवेळ, रास, नाडी आणि ओलिताखालच्या एकरांसकट चौदा ग्रुपवर टाकला होता. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "ते मी सांगितलं. हे ते काढून घ्यायलेत." आता यावर काय बोलणार? तात्या कधीकधी बरोबरही असतात, हाच त्यांचा सगळ्यात मोठा त्रास आहे.

तेवढ्यात इलॉन मस्क यांनी 'यूज सिग्नल' असे दोनच शब्द ट्वीट केले. तात्यांना कुणी आवतन धाडल्यासारखं झालं. त्यांनी चौदा ग्रुपवर निरोपाचं भाषण टाकलं. त्यात स्वाभिमान तीनदा, छत्रपती एकदा आणि शेवटी दुकानातल्या हरभऱ्याच्या औषधावरची सूट. पाठवून दहा मिनिटं वाट पाहिली. सव्वीस अंगठे आले, दोन हात जोडलेले आले, एकानं चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. "जाऊ नका" कुणीच म्हणालं नाही.

व्हॉट्सॲपसारख्याच या सिग्नल ॲपवर ओळखीचं कुणी आलं की फोन सांगतो. पहिल्या दिवशी तात्यांना पुण्याचा मुलगा सापडला आणि दोन हंगामांची उधारी थकवून त्यांचे फोन न उचलणारं एक गिऱ्हाईक सापडलं. तात्यांनी त्याला तिथल्या तिथं हिशोब पाठवला. सिग्नल सोडून जाणारा आमच्या भागातला तो पहिला माणूस.

गल्लीत मात्र त्याच दिवसांत बातम्यांचा पूर आला होता. परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि 11 जानेवारीला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. तात्या मात्र सिग्नलवर, म्हणजे मुलासोबत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांना कोंबडीचा रस्सा खायचं आवतन दिलं. पाहुण्यांना एकामागून एक उपवास आठवले. "लोकं धार्मिक व्हायलेत," तात्या मला म्हणाले.

15 जानेवारीला ग्रामपंचायतींचं मतदान होतं. गावाकडं त्यांचा चुलतभाऊ उभा होता. कुणी कुणाकडून घेतलं आणि मत कुणाला दिलं, ही सगळी माहिती व्हॉट्सॲपवर वाहत होती. नेमकं त्याच रात्री, नव्यानं आलेल्या गर्दीचा भार न सोसून, सिग्नल जगभर बसलं. तात्यांनी फोन बंद करून चालू केला, पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला आणि म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो व्हॉट्सॲप."

खरं तर ते गेलेच नव्हते. संक्रांतीला मी व्हॉट्सॲपवर तिळगुळाच्या ताटाचा स्टेटस ठेवला होता. बघणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. "बघत नव्हतो, दिसलं," म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात जे कुठल्याच रुसलेल्या व्याह्याच्या नशिबी येत नाही ते घडलं. कंपनी मनवायला आली! भारतातल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर मोठमोठ्या जाहिराती झळकल्या. तुमची गोपनीयता आम्हाला प्राणापलीकडं, अशा अर्थाच्या. पाठोपाठ तारीख 8 फेब्रुवारीवरून 15 मे झाली. तात्यांनी तो पेपर गल्लीत फिरवून दाखवला. सिग्नलमागं पैसा लावणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक, हे मी सांगून पाहिलं. "म्हणजे घरातलंच भांडण होतं," म्हणाले आणि समाधानानं परत आले.

पुढं ट्विटरनं निळी खूण विकायला काढली तेव्हा तात्यांनी तेही सोडलं. त्यांच्या मागं एकोणीस माणसं होती आणि खूण कधीच नव्हती. कू या देशी पाखरावर मात्र ते मनापासून रमले होते. ते कंपनीनंच जुलै 2024 मध्ये बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा ॲपनं तात्यांना सोडलं. दोन दिवस जेवणावर वासना नव्हती. नोव्हेंबरात स्पर्धा आयोगानं त्याच 2021 च्या धोरणापायी व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, 213 कोटी 14 लाखांचा दंड ठोठावला, तेव्हा कुठं रंग परतला.

2025 च्या सप्टेंबरात झोहो कंपनीच्या 'अरट्टै' ॲपची लाट आली. तमिळमध्ये याचा अर्थ गप्पा. रोज तीन हजार नवे लोक यायचे, ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले, असं झोहोच्या श्रीधर वेंबूंनी सांगितलं. त्यांत तात्या होतेच. ते त्याला 'आरती' म्हणतात.

परवा हरभऱ्याचं बियाणं आणायला गेलो होतो. तात्या कुण्या शेतकऱ्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला घाटेअळीचा फोटो मोठा करून बघत होते. काउंटरच्या काचेखाली कीटकनाशकांच्या दरपत्रकाशेजारी पिवळा पडलेला पेपर होता, तारखेभोवती लाल पेनाचा गोल. एका पोरानं विचारलं, "काका, ही जाहिरात कशाची?"

"मला न्यायला आल्ते," तात्या म्हणाले, आणि अळीचं औषध टाइप करायला लागले.